४८ तासांच्या गेम जॅमसाठी गोडो ४: सुरुवात झकास, शेवट सांभाळून

शुक्रवारी रात्री साडेदहाला विषय जाहीर, रविवारी रात्री साडेदहाला अपलोडचं दार बंद. गेम जॅम म्हणजे ठरलेल्या वेळात, दिलेल्या विषयावर गेम बनवायची स्पर्धा, आणि ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला सुरू होणाऱ्या जॅमचं आपल्याकडचं घड्याळ हेच. ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसातून सुटून ठाण्याला किंवा खारघरला घरी पोचलेल्या माणसाच्या हाती या ४८ तासांतून झोप, जेवणखाण आणि रविवारच्या सोसायटी मीटिंगची तोंडदेखली हजेरी वजा जाता फार तर २५ तास उरतात. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, त्या २५ तासांत कितपत साथ देतं, एवढंच इथे तपासलं आहे. वर्षभर चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला ते कसं, हा वेगळा विषय.

निकाल आधीच सांगून टाकतो. टूडी, ब्राउझरमध्ये चालणारा, पाच मिनिटांत खेळून संपणारा गेम करायचा असेल तर खुशाल गोडो घ्या. सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतच लिहायचं असेल तर घेऊ नका, कारण गोडो ४ मधला सी शार्पचा प्रकल्प ब्राउझरसाठी एक्सपोर्टच होत नाही, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फायली त्यातून निघत नाहीत. आणि जॅममध्ये ब्राउझरमध्ये न चालणारा गेम म्हणजे गल्लीच्या आतलं दुकान. अनोळखी झिप उतरवून चालवायची तसदी फार थोडे घेतात.

गोडोला पैसे पडत नाहीत. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवलं आणि २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. श्रेयनामावलीत परवान्याचा मजकूर टाकला की झालं, टक्केवारी नाही, सक्तीचा लोगो नाही. ४.० आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली. जॅमसाठी मात्र ४.३ किंवा त्यानंतरचीच घ्या. त्याआधीच्या चौथ्या पिढीच्या आवृत्त्यांचं वेब एक्सपोर्ट एकापेक्षा जास्त थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामांवर) चालायचं, त्यासाठी सर्व्हरकडून खास हेडर (फाइलसोबतच्या सूचना) लागायचे आणि सफारीवर रडारड व्हायची. ४.३ पासून एकाच थ्रेडचं एक्सपोर्ट मिळतं आणि ही कटकट संपते.

इन्स्टॉल करण्यासारखं काही नाही. झिप उतरवा, उघडा, फाइल चालवा. पण खरी मेख इथेच आहे. एडिटर छोटा असला तरी एक्सपोर्ट टेम्प्लेट, म्हणजे तयार गेम बाहेर काढायला लागणाऱ्या इंजिनच्या फायली, वेगळे उतरवावे लागतात आणि त्यांचं वजन एक जीबीच्या आसपास आहे. ते नसले तरी गेम बनवताना काहीच अडत नाही, सगळं मजेत चालतं, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. रविवारी रात्री नऊला एक्सपोर्टचं बटण दाबल्यावर टेम्प्लेट नसल्याची लाल ओळ दिसते. त्यात पावसाळ्यात ब्रॉडबँड गेलेलं असेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चाललं असेल, तर दिवसाच्या दीड-दोन जीबीतला निम्मा डेटा त्यातच जातो. गुरुवारीच उतरवून ठेवा, आणि एडिटरच्या नेमक्या त्याच आवृत्तीचे. ४.३ चे टेम्प्लेट ४.४ ला चालत नाहीत.

नवा प्रकल्प उघडताना तीन रेंडरर (चित्र पडद्यावर उमटवायच्या पद्धती) विचारले जातात: फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कम्पॅटिबिलिटी. तिसरा निवडा. वेबवर चालतो तोच. वरचा निवडलात तर तुमच्या लॅपटॉपवर एक दिसेल आणि ब्राउझरमध्ये दुसरंच. प्रकाशाचे काही परिणाम तर गायब होतील. शिवाय कम्पॅटिबिलिटीवर जुना, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉपही टूडीचं काम बिनतक्रार ओढतो.

आता प्रत्यक्ष गेमकडे. उदाहरण ठाणे खाडीचंच घेऊ. ओहोटीला चिखलात फ्लेमिंगो खाद्य टिपतोय, भरतीचं पाणी वर चढतंय, पाणी पोचायच्या आत उडी मारून वरच्या उंचवट्यावर जायचं. पळायला दोन कळा आणि उडीला एक, धोका एकच, आणि गेम आपोआप अवघड होत जातो. जॅमला पेलेल एवढाच जीव असावा. गोडोत याचे चार सीन, म्हणजे गेमचे सुटे भाग, होतात: फ्लेमिंगो, खाद्य, पाणी आणि या तिघांना एकत्र बांधणारा मुख्य सीन. सीनमध्ये सीन बसवायची ही पद्धत गोडोचा सगळ्यात मोठा गुण आहे. खाद्याचा सीन एकदा नीट केला की त्याच्या पंचवीस प्रती ओढून टाका. मूळ बदललं की सगळ्या बदलतात. दुसरा गुण वेगाचा: एफ५ दाबलं की दोन-तीन सेकंदांत गेम समोर. दिवसाकाठी शेकडो वेळा ते दाबलं जातं, त्यामुळे हा वेग जॅममध्ये चैनीचा नाही, गरजेचा आहे.

पडदा ३२० बाय १८० ठेवा. तो चौपट केला की १२८० बाय ७२० होतो, सहापट केला की १९२० बाय १०८०, मध्ये अपूर्णांक येत नाही आणि पिक्सेल चौकोनीच राहतात. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ करायला विसरू नका, नाहीतर १६ पिक्सेलचा फ्लेमिंगो साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखा धूसर दिसतो.

पात्राला कॅरॅक्टरबॉडी२डी हा हलत्या पात्रांसाठीचा तयार घटक लावला की गोडो चालण्या-उडण्याची तयार स्क्रिप्ट देऊ करतं. ती घ्या, पण तिच्यातले आकडे ठेवू नका. तिथे वेग सेकंदाला ३०० पिक्सेल आणि उडी उणे ४०० असते (गोडोत वरची दिशा उणे), मूळ गुरुत्व ९८०. हे आकडे ११५२ बाय ६४८ च्या मूळ पडद्याला शोभतात. आपल्या ३२० च्या पडद्यावर ३०० वेगाचा फ्लेमिंगो सेकंदाभरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, आणि उडी ८२ पिक्सेल, म्हणजे जवळपास अर्धा पडदा. उडीची उंची काढायचं गणित शाळेतलंच: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट. उडी उणे २५० केली की जवळपास ३२ पिक्सेल येतात, म्हणजे १६ च्या साधारण दोन विटा, आणि पक्षी हवेत अर्धा सेकंद राहतो. पळायचा वेग ९० ते १०० पुरतो. पाणी सेकंदाला ४ पिक्सेलने चढवलं तर पडदा ४५ सेकंदांत भरतो. एक डाव पाऊण मिनिटाचा. हरलं तरी पुन्हा खेळावंसं वाटतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे वेगाला डेल्टाने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणणं. पात्र हलवणारं ‘मूव्ह अँड स्लाइड’ फंक्शन ते काम स्वतःच करतं. तुम्ही पुन्हा गुणलंत की वेग साठपट कमी होतो, पात्र जागेवर खिळल्यासारखं दिसतं आणि माणूस तासभर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो. गुरुत्व मात्र वेगात मिळवताना डेल्टाने गुणायचं असतं. हा फरक कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

उडी खेळणाऱ्याच्या बाजूने असावी. कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मान्य करा, आणि जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंदात दाबलेलं बटणही लक्षात ठेवा. साठ फ्रेमच्या हिशेबात हे सहा-सहा फ्रेम. दोन टायमर, दहा-बारा ओळी. एवढं केलं की परीक्षण करणारा ‘कंट्रोल छान आहेत’ म्हणतो, आणि का छान आहेत ते त्याला सांगता येत नाही.

खाद्याला स्पर्श झाला की ‘बॉडी एंटर्ड’ सिग्नल (घटना घडल्याची सूचना) येतो. त्या सिग्नलच्या आतच कोलिजन शेप (टक्कर ओळखणारा आकार) बंद करायला गेलात तर डिबगरमध्ये लाल तक्रार येते, कारण त्या क्षणी भौतिकीचा हिशेब चालू असतो. ‘सेट डिफर्ड’ वापरा, काम फ्रेमच्या शेवटी होतं. सिग्नल येतच नसेल तर दहापैकी नऊ वेळा दोष लेअर आणि मास्कचा. लेअर म्हणजे मी कोण, मास्क म्हणजे मला कोण दिसतं. फ्लेमिंगोच्या लेअरवर खाद्याचा मास्क हवा.

हरल्यावर पुन्हा सुरू करणं हा सगळ्यांत घात करणारा भाग. सीन पुन्हा लोड केला की सगळं नवं होईल असं वाटतं, पण दोन गोष्टी नव्या होत नाहीत. गेम थांबवायला लावलेला ‘पॉज’ सीन बदलला तरी तसाच राहतो, म्हणून दुसरा डाव गोठलेला उघडतो. आणि ऑटोलोडमध्ये, म्हणजे सीन बदलले तरी टिकणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, ठेवलेला स्कोअर मागच्या डावाचाच राहतो. दोन्ही हाताने पूर्ववत करा. सुरुवात, खेळ, हार, पुन्हा सुरुवात हे चक्र शनिवारी रात्री झोपायच्या आत पूर्ण फिरलं पाहिजे, मग चित्रांच्या जागी रंगीत चौकोन असले तरी चालतील. हे चक्र रविवारवर ढकललं की गेम सहसा अर्धवटच राहतो.

मराठीतून गेम करणाऱ्यांसाठी एक मोठी जमेची बाजू आहे, आणि तिच्याच पोटात एक सापळाही. गोडो ३ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटायची, वेलांटी भलतीकडे जायची. गोडो ४ मध्ये अक्षरजुळणीची यंत्रणा नवी आहे, ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्‍या’ सगळं नीट उमटतं. पण गोडोच्या मूळ फाँटात देवनागरी नाही. एडिटरमधून गेम चालवल्यावर मराठी दिसतं ते तुमच्या विंडोजच्या फाँटातून उसनं घेतलेलं. ब्राउझरला ती उसनवारी करता येत नाही. तिथे ‘भरती आली’च्या जागी रिकाम्या चौकटींची रांग दिसते. उपाय सोपा: ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ची फाइल प्रकल्पात टाका आणि थीममध्ये मूळ फाँट म्हणून लावा. मुक्त मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, परवाना खुला. संवाद एकेक अक्षराने उमटवायचे असतील तर लेबलच्या ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेव्हिअर’मध्ये ग्लिफ्सचा (उमटलेल्या अक्षराकृतींचा) पर्याय निवडा. मूळ पर्यायावर ‘क्रमांक’ लिहिताना आधी ‘क’, मग पाय मोडलेला ‘क्’, मग ‘क्र’ असा उड्या मारत दिसतो. डोळ्यांना फार बोचतं.

चित्रं आणि आवाजांबद्दल थोडक्यात, कारण तो गोडोचा विषय नाही. केनी या गेम-चित्रांच्या संकेतस्थळाच्या संग्रहातली चित्रं सीसी० आहेत, म्हणजे हक्क सोडून दिलेली, कुठेही वापरा. फक्त लुडम डेअर या ऑनलाइन गेम जॅमच्या एकट्याने करायच्या ‘कॉम्पो’ गटात चालत नाहीत, तिथे सगळं ४८ तासांत स्वतः केलेलं लागतं. त्याच स्पर्धेच्या ७२ तासांच्या ‘जॅम’ गटात चालतात. टिपण्याचा, पडण्याचा, बुडण्याचा आवाज जेएसएफएक्सआर या आवाज बनवायच्या साधनात मिनिटभरात होतो. त्याचा मूळ सॉफ्टवेअर एसएफएक्सआर २००७ मध्ये लुडम डेअरवाल्यांसाठीच लिहिला गेला. छोटे आवाज वेव्हमध्ये, संगीत ओजीजीमध्ये. संगीत एकदा वाजून थांबत असेल तर इम्पोर्ट टॅबमध्ये लूपची खूण करा आणि ‘रीइम्पोर्ट’ दाबा. नुसत्या खुणेने काही होत नाही. वेबवर ऑडिओ बसला (आवाजाच्या वाहिनीला) लावलेला रिव्हर्ब (घुमारा) वगैरे मूळ सेटिंगमध्ये ऐकू येत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. शिवाय खेळणाऱ्याने क्लिक करेपर्यंत ब्राउझर आवाजच लावत नाही. म्हणून पहिल्या पडद्यावर ‘सुरू करा’ असं बटण हवं.

आता एक्सपोर्ट, कारण गोडोची खरी परीक्षा इथे होते. तीन गोष्टी बिघडतात. पहिली, फायलींच्या नावातली लहान-मोठी अक्षरं. विंडोजला त्यात फरक कळत नाही, एक्सपोर्ट झालेल्या पॅकला कळतो. कोडमध्ये नाव लहान अक्षरांत आणि फाइलचं पहिलं अक्षर मोठं असेल, तर एडिटरमध्ये पक्षी दिसेल आणि ब्राउझरमध्ये गेम उघडताच मान टाकेल. सगळी नावं पहिल्यापासून लहान रोमन अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर. दुसरी, एक्सपोर्ट झालेली एचटीएमएल फाइल डबल क्लिकने उघडायचा प्रयत्न. ती तशी चालत नाही, तिला सर्व्हर लागतो. एडिटरमध्ये वर उजवीकडे ‘ब्राउझरमध्ये चालवा’ची सोय आहे, ती स्वतःच सर्व्हर उभा करते. तिसरी, मेन्यूतलं ‘बाहेर पडा’ बटण. ब्राउझरमध्ये ते दाबलं की गेम मरतो आणि पडदा तसाच पडून राहतो. वेबवर ते बटण लपवाच.

इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर चढवताना एचटीएमएल फाइलचं नाव ‘इंडेक्स’ असलंच पाहिजे. गोडो प्रकल्पाचं नाव देतं, ते बदला. फोल्डर नव्हे, त्यातल्या फायली निवडून झिप करा. हजारापेक्षा जास्त फायली चालत नाहीत, पण गोडो सगळं एका पॅकमध्ये बांधतं म्हणून त्या मर्यादेपर्यंत जायची वेळच येत नाही. रिकाम्या गेमचंही इंजिन उघडल्यावर तीसेक एमबीच्या पुढे जातं. पहिल्यांदा उघडताना वाट पाहावी लागते आणि जॅमच्या खेळाडूला धीर नसतो. हा गोडोचा खरा उणेपणा, आणि जॅमच्या वेळेत त्यावर फारसं काही करता येत नाही. संगीत हलकं ठेवा, एवढंच.

म्हणून आमचा आग्रह असा: शुक्रवारी रात्री विषय कळल्यावर एक ओळही लिहायच्या आत, नुसता फ्लेमिंगोचा चौकोन पडद्यावर ठेवून तो इचवर चढवा आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर आणि लॅपटॉपवर उघडून बघा. अर्धा तास जातो. मग शनिवारी दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा. रविवारी संध्याकाळी सहानंतर नवीन काही घालू नये, फक्त दुरुस्ती. शेवटचं अपलोड साडेनऊला. शेवटच्या अर्ध्या तासात सगळं जगच इचवर लोटलेलं असतं आणि अपलोडची पट्टी रांगत पुढे सरकते.

टीममध्ये करायचं असेल तर सगळ्यांची आवृत्ती एकच हवी. एकाने नव्या आवृत्तीत प्रकल्प उघडून सेव्ह केला की बाकीच्यांचे हाल. सीनच्या फायली साध्या मजकुराच्या असल्याने गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवायला सोप्या, पण दोघांनी एकाच वेळी मुख्य सीनला हात लावला तर होणारी गुंतागुंत सोडवण्यापेक्षा एकाचं काम टाकून देणं परवडतं. मुख्य सीनचा धनी एकच ठरवा. ‘डॉट गोडो’ फोल्डर गिटमध्ये टाकू नका, पण ‘डॉट इम्पोर्ट’ आणि ४.४ पासूनच्या ‘डॉट यूआयडी’ फायली टाका. आणि घोडबंदरचा एक, नेरुळची एक अशी टीम असेल तर एकत्र बसायचा दिवस शनिवार ठेवा. रविवारी ट्रान्सहार्बरवर किंवा हार्बरवर मेगाब्लॉक निघाला की दोन तास फलाटावर जातात.

यूट्यूबवर शिकताना व्हिडिओत ‘किनेमॅटिकबॉडी’ किंवा ‘यील्ड’ दिसलं की तो बंद करा, तो तिसऱ्या पिढीचा आहे. कुठून कोड चिकटवला आणि टॅब-स्पेसची भेसळ झाली तरी गोडो अडून बसतं. एडिट मेन्यूत इंडेंट बदलायची सोय आहे.

गोडो कोणाला नको? युनिटी हे दुसरं इंजिन हाताला बसलेलं आहे त्याला. जॅमच्या शुक्रवारी इंजिन बदलणं शहाणपणाचं नाही. पहिल्यांदाच कोडला हात लावणाऱ्याला पिको-८ हे छोटं इंजिन जास्त मानवेल: १२८ बाय १२८ चा पडदा, १६ रंग, कोडला ८१९२ टोकनांची (शब्द-चिन्हांची) मर्यादा. पर्याय कमी म्हणून वेळ वाचतो, आणि चित्रं, आवाज, कोड एकाच खिडकीत. ते विकत घ्यावं लागतं, पण शाळेच्या मुलासोबत करायचं असेल तर तेच घ्यावं.

गेम चढला की इचच्या पानावर कव्हर ६३० बाय ५०० चं लावा, कळा कोणत्या ते पहिल्या ओळीत लिहा, पान मसुद्यातून ‘पब्लिक’ करा, आणि मग जॅमच्या पानावर जाऊन सबमिट दाबा. पान तयार करणं आणि सबमिट करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवर थांबलेला गेम स्पर्धेत धरत नाहीत. मतदानाच्या दिवसांत इतरांचे गेम खेळून गुण द्या. लुडम डेअरमध्ये क्रमांक लागायला किमान २० जणांनी गुण दिलेले लागतात, आणि ते वीस जण सहसा तुम्ही ज्यांचे गेम खेळलात त्यांच्यातूनच येतात.